रणगाडीचा जीर्णोद्धार

दुसऱ्या महायुद्धात विलिस व फोर्ड ह्या अमेरिकन कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपताच उरलेल्या पुष्कळशा विक्रीस निघाल्या. अशीच एक जीप रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स ह्यांनी वेल्समधील अँग्लसी बेटावर शेतकामास जुंपली. ती झिजल्यावर पुढे काय, ह्या विवंचनेतून १९४७ साली जीपच्याच सांगाड्यावर नवा नमुना उभा राहिला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ‘लँड रोव्हर’ अवतरली. पोलादाची टंचाई, म्हणून अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढला.

अशा जुन्या गाड्या रंगवून केवळ शोभेस ठेवणारे आज पुष्कळ आढळतात. परंतु देवालयाचा जीर्णोद्धार आपण करतो तो पूजाअर्चा अखंड चालावी म्हणून. त्याच न्यायाने, चारही चाके पुन्हा चिखलातून ओझे ओढू लागली म्हणजेच गाडीचा जीर्णोद्धार झाला, असे आम्ही मानतो.