पोच : तारेपासून जाळ्यापर्यंत



कोहमाऱ्याच्या चौकात उभे राहिले म्हणजे जाळे कशाला म्हणतात हे वेगळे शिकवावे लागत नाही. मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग येथून जातो. गोंदियाहून गोरेगावमार्गे आलेला रस्ता त्याला येथे मिळतो आणि पुढे नवेगावबांधकडे निघतो. चार दिशांचा माल येथे येतो व ज्याला जिकडे जायचे तिकडे वळतो. संगणकांच्या जाळ्यात अशा चौकाला नोड म्हणतात, आणि कोणता माल कोणत्या वाटेला लावायचा हे ठरविणाऱ्या यंत्राला राउटर. रस्त्याची रुंदी ती बँडविड्थ. शब्द परके असले तरी वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत.

आम्ही काही इंजिनियर नव्हे. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत अर्ज आणि निवेदने लिहिता लिहिता झाले. परंतु अलीकडे खिडकीवरून परत आलेला मजूर एकच उत्तर घेऊन आमच्याकडे येतो : “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” त्याचा दिवस बुडालेला असतो, आणि तो कोणी बुडविला हे त्याला सांगता येत नाही. म्हणून या शब्दांच्या मुळाशी जाणे आम्हाला भाग पडले.

या शब्दांचे मूळ तारेत आहे. हिंदुस्थानात तार सर्व लोकांसाठी खुली झाली ती १८५५ साली, आणि शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या त्या १४ जुलै २०१३ रोजी. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत मराठी माणसाने या विद्येसाठी कोश उघडला नाही. खांबावरून जाते ती तार, तिच्यावरून येतो तो निरोपही तार. मग तारघर आले, तारबाबू आला.

मोर्सच्या लिपीत लहान आणि लांब असे ठोके असत. फ्रान्समध्ये एमील बोदो याने दुसरी युक्ती काढली. हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याचे शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरते. १८६९ साली तो तारखात्यात उमेदवार म्हणून लागला आणि १८७४ साली त्याने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. प्रत्येक अक्षराला सारखी पाच घरे. प्रत्येक घरात वीज आहे किंवा नाही, एवढेच पाहायचे. त्यातून बत्तीस निरनिराळ्या खुणा निघतात. आजचा संगणक हीच आहे-नाहीची भाषा बोलतो. अशा एका घराला बिट हे नाव छापील रूपात मिळाले ते १९४८ साली, क्लॉड शॅनन यांच्या निबंधात; शब्द सुचविण्याचे श्रेय त्यांनी जॉन ट्युकी यांना दिले. एका सेकंदात किती खुणा जातात हे मोजण्याच्या मापाला बॉड म्हणतात, तो शब्द याच बोदोच्या नावावरून आला. कमी शिकलेल्या एका तारवाल्याचे नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत बसले, ही गोष्ट आम्हाला मोठी मोलाची वाटते.

पण या यंत्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोदोच्या यंत्राला पाच कळा असत, दोन डाव्या हाताला व तीन उजव्या. यंत्र टक् असा आवाज देई आणि त्या ठेक्यावरच बोटे पडावी लागत. यंत्राने ताल धरावा आणि माणसाने तो चुकू नये, ही कथा गिरणीतल्या कामगाराला नवीन नाही. १९०८ साली कामाच्या नव्या वेळांवरून हिंदुस्थानातील तारवाल्यांनी संप केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून अशी दूरदूरची तारघरे त्यात सामील झाली. ज्या तारेवर सरकारचा कारभार चाले, तीच तार संपवाल्यांनाही जोडीत होती. त्याच वर्षी जुलैत, लोकमान्यांना शिक्षा झाल्यावर, मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, हे आपण जाणताच.

तारेचा एक दोष असा, की एकाचा निरोप चालू असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. १९६५च्या सुमारास इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी सुचविले, की निरोपाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि सर्वांचे तुकडे एकाच वाटेने मिसळून जाऊ द्यावेत. या तुकड्याला पॅकेट हे नाव देण्यापूर्वी, इतर भाषांत तो शब्द चालेल की नाही, हे त्यांनी भाषातज्ज्ञाला विचारून घेतले होते. ही काळजी आमच्या कचेऱ्यांनीही घ्यावी.

दुसरा शब्द प्रोटोकॉल. मंत्र्यांच्या दौऱ्यात त्याचा अर्थ राजशिष्टाचार. जाळ्यात त्याचा अर्थ उभयपक्षी मान्य केलेला करार. आधी कोणी बोलायचे, संपले हे कसे सांगायचे, काही हरवले तर काय करायचे, हे त्यात अगोदर ठरलेले असते. युनियनवाल्याला हा शब्द चटकन कळावा! १९७४ साली व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी असा एक करार मांडला, आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेचे अर्पानेट हे जाळे त्यावर चालू लागले. आपल्याकडे १९८६ साली एर्नेट हे विद्यासंस्थांचे जाळे सुरू झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट जनतेला खुले केले. तेही याच कराराने चालते.

या करारातले एक कलम ध्यानात ठेवावे. पाठविलेला माल मिळाला, असे घेणाऱ्याने कळवायचे. ठरल्या वेळेत तसे कळले नाही, तर पाठविणारा तो पुन्हा पाठवितो. याला आपल्या भाषेत नवा शब्द घडविण्याची गरज नाही. आपण पत्रात लिहीत आलोच आहोत : पोच द्यावी.

आता मजुराकडे येऊ. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, हजेरी मोबाइलवर छायाचित्र काढून लावणे सक्तीचे झाले. रेंज नसलेल्या जागी माती खणणाऱ्याने काय करावे? काम झालेले, घाम गाळलेला, आणि हजेरी मात्र वाटेत अडकलेली! अशा वेळी कोणी “सर्व्हर डाऊन” म्हटले, तर विचारले पाहिजे : बिघाड कोठे आहे? हातातल्या यंत्रात, टॉवरमध्ये, जमिनीखालच्या केबलमध्ये, की दूरच्या सर्व्हरमध्ये? या चार जागांना चार वेगळे धनी आहेत. जागा कळली म्हणजे जबाबदार कोण हे कळते. ती कळू नये म्हणूनच कित्येकदा एकच शब्द सगळ्यांवर पांघरला जातो.

आमची मागणी लहान आहे. खिडकीवर आलेल्या माणसाचे काम झाले नाही, तरी तो आला होता, अमुक वाजता आला होता आणि अमुक कारणाने परत गेला, एवढे कागदावर लिहून सहीनिशी त्याच्या हाती द्यावे. जाळ्यातल्या निर्जीव तुकड्यालाही पोच मिळते. ती माणसालाही मिळाली पाहिजे.