एन्निनचे दोन हिवाळे

चीनमधून हिंदुस्थानांत विद्येसाठीं आलेल्या ह्युएनत्संगाचें नांव आमच्या वाचकांस परिचित आहे. परंतु त्याच शतकांत जपानचे भिक्षु विद्येसाठीं चीनची वाट धरीत असत, ही गोष्ट तितकीशी कोणाच्या लक्षांत नसते. या जपानी भिक्षूंच्या परंपरेंत पुढें नवव्या शतकांत होऊन गेलेला एन्निन हा विशेष स्मरणीय होय. चीनमधील सुमारें नऊ वर्षांच्या वास्तव्याची दिनचर्या त्यानें चार खंडांत लिहून ठेविली. तींतील पहिले दोन हिवाळे शेजारीं शेजारीं ठेवून वाचले असतां, पाहुणा कोणास म्हणावें आणि विद्यार्थी कोणास, हें आम्हांस चांगलें कळून येतें.

एन्निनचा जन्म इ. स. ७९४ मधला. क्योतोजवळील हिएइ पर्वतावरील तेंदाइ पंथाच्या मठांत तो वाढला. या पंथाचें मूलपीठ चीनमधील तियेन्-ताइ पर्वतावर. तेथील आचार्यांपुढें ठेवण्यासाठीं मठाच्या तीस शंका बरोबर घेऊन तो ८३८ मध्यें जपानी वकिलातीबरोबर चीनच्या किनाऱ्यास लागला. त्याची नेमणूक मात्र अल्प मुदतीची होती. वकिलात परतली कीं त्यानेंही परतावयाचें. त्याचा सहकारी एन्साइ यास दीर्घकाळ राहण्याची मुभा होती.

पहिला हिवाळा यांगचौ शहरांतील काइ-युआन विहारांत, परवान्याची वाट पाहण्यांत गेला. अकराव्या चांद्रमासाच्या १८ व्या दिवशीं, म्हणजे डिसेंबरच्या प्रारंभीं, प्रांताधिपति ली द-यू विहारांत आला. तुमच्या देशांत थंडी पडते काय, अशी त्यानें पृच्छा केली. उन्हाळ्यांत उकाडा आणि हिवाळ्यांत थंडी, असें एन्साइनें सांगितलें. तेव्हां, मग तें इकडच्यासारखेंच, असें तो उद्गारला. पुढें नऊ दिवसांनीं दक्षिणायन संपलें. आदल्या रात्रीं गांवांत कोणी निजलें नाहीं; सकाळीं भिक्षु, गृहस्थ व अधिकारी यांनीं परस्परांचें अभीष्ट चिंतिलें. आदरसत्कारांत कांहीं उणें नव्हतें. उणा होता तो परवाना. ८३९ च्या आरंभीं निकाल आला: एन्साइनें तियेन्-ताइस जावें, एन्निननें जाऊं नये. तीस शंकांचा कागद त्यानें एन्साइच्या हवालीं केला.

परतीच्या प्रवासांत जपानी जहाजें शान्तुंगच्या किनाऱ्यास थांबलीं असतां एन्निन दोन शिष्य व एक सेवक यांसह मागें राहिला. हातीं परवाना नव्हता. त्यास आश्रय मिळाला तो सिल्ला म्हणजे कोरिया देशच्या लोकांनीं चिह्शान येथें चालविलेल्या एका विहारांत. चांग पो-गो नामक सिल्लाच्या सरदारानें हा विहार स्थापिला होता. परके भिक्षु कां राहिले याचा खुलासा करा, असा तालुक्याच्या कचेरीचा हुकूम लवकरच आला. यामुळें येथील हिवाळा धास्तीनेंच सुरू झाला.

या हिवाळ्याच्या तोंडच्या नोंदी कशाच्या आहेत पाहा. नोव्हेंबरच्या सुमारास विहाराच्या शेतांतील सलगम व मुळे काढले, तेव्हां वडील भिक्षुसुद्धां पाला निवडावयास बाहेर पडले. कोठींतलें सर्पण संपलें कीं लहानथोर सर्वांनीं लांकडें वाहावयाचीं, असा तेथील शिरस्ता. प्रांताधिपतीची भेट ज्या शांतपणें लिहिली, त्याच शांतपणें एन्निन हेंही लिहितो. मग सद्धर्मपुंडरीक सूत्राचें निरूपण सुरू झालें. सुमारें चाळीस श्रोते दोन महिने तें ऐकत होते. येथेंच भिक्षूंच्या तोंडून वू-ताइ पर्वताची कीर्ति त्याच्या कानीं आली, आणि तियेन्-ताइचा ध्यास सोडून ८४० च्या वसंतांत तो पायीं तिकडे निघाला.

पुढें ८४५ मध्यें वू-त्सुंग बादशहानें बौद्धांचा छळ मांडला. त्या वेळीं मुख्य प्रधान ली द-यू हाच होता. एन्निनला काषाय वस्त्र उतरवून राजधानी सोडावी लागली. तो पुन्हां किनाऱ्यावर आला तों चिह्शानचा विहार पाडला गेलेला. तरी त्याच विहाराच्या मळ्यावरील एका घरांत त्यास जागा मिळाली. आणि तेथूनच ८४७ मध्यें, ग्रंथांच्या भारासह, तो स्वदेशीं जाण्यास निघाला.