कन्हानकाठचे विणकर आणि जगाचा बाजार
(आर्थिक धोरण व लोककल्याण यांच्या संबंधाचा एक ऐतिहासिक विचार)

राजांच्या लढाया व तहांच्या तारखा म्हणजेच इतिहास, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. ज्या समाजाच्या हाती राज्य नव्हते, जमीन नव्हती आणि लेखणीही नव्हती, त्याचा इतिहास मात्र निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो. तो सुताच्या भावात सापडतो, धान्याच्या दरात सापडतो आणि सरकारने बसविलेल्या अथवा उठविलेल्या जकातीत सापडतो. प्रस्तुत लेखात नागपूर जिल्ह्यातील अस्पृश्य विणकरांच्या संदर्भात हा शोध घ्यावयाचा आहे.

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या काठी मौदा वसले आहे. मौदा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच्या खेड्यापाड्यांतून एकोणिसाव्या शतकात बलुतेदारीबरोबरच विणकाम हा महारांचा मोठा व्यवसाय होता. तलम व रेशीमकाठी वस्त्र कोष्टी विणीत; शेतकऱ्याला व मजुराला परवडणारे जाडेभरडे कापड महाराच्या मागावर तयार होई. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या ग्रंथातही महारांच्या या व्यवसायाची नोंद आहे. हा माग कसा थांबला, याचे उत्तर गावात मिळत नाही. त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागते.

एक युद्ध, दोन देश

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई, आणि तो नीग्रो गुलामांच्या श्रमातून पिकलेला असे. हा पुरवठा तुटताच लँकेशायरच्या व्यापाऱ्यांची दृष्टी नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. ज्याच्याजवळ जमीन होती आणि जो सावकाराच्या पाशात नव्हता, त्याच्या घरी पैसा आला. ज्याच्याजवळ केवळ माग होता, त्याच्यासाठी मात्र कच्चा मालच महाग झाला, आणि त्याच सुमारास धान्यही महागले. कापूस पिकणाऱ्या मुलखातील विणकर सुताला मोताद झाला.

येथे दोन देशांतील धोरणांची तुलना केली पाहिजे. याच युद्धामुळे लँकेशायरमधील लाखो गिरणी कामगार बेकार झाले. त्यांचे हाल झाले, यात शंका नाही. परंतु त्यांच्यासाठी गरीब-साहाय्याचा कायदा होता. मदतनिधी उभे राहिले. १८६३ साली पार्लमेंटने खास कायदा करून नगरपालिकांना कर्जे दिली आणि रस्ते व गटारे बांधण्याची कामे काढली. त्यांच्या हलाखीची जबाबदारी तेथील राज्यसंस्थेने काही अंशी तरी स्वीकारली.

मध्य प्रांतातील विणकराच्या वाट्याला काय आले? १८६६ साली मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी एक कापूस-आयुक्त नेमण्यात आला. त्याचे नाव रिव्हेट-कारनॅक. विलायती कापड स्वस्तात येऊन देशी विणकराला बाजारातून हटवील, मग येथील कापूस निर्यातीसाठी मोकळा होईल आणि विणकर शेतीकडे वळेल, अशी उघड अपेक्षा या अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. पुढच्याच वर्षी, १८६७ साली, आगगाडी नागपूरला पोहोचली. तीच गाडी कापूस बाहेर नेई आणि कापड आत आणी. ज्या महार विणकराने शेतीकडे वळावे असे सरकारला वाटत होते, त्याला जमीन कोण देणार, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. तो शेतकरी होणे शक्य नव्हते. तो शेतमजूर झाला.

जकात, नाणे आणि मजुरी

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुताने घरातील चरखा बंद पाडला आणि स्त्रियांच्या हातची मिळकत गेली. विणकराला आता सूतही रोखीने वा उधारीने घ्यावे लागे. हातमाग मोडलेल्या अनेक कुटुंबांनी गिरणीची वाट धरली. मुंबईच्या गिरण्यांत तर अस्पृश्यांना विणखात्यात प्रवेशच नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून स्पृश्य कामगारांना विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला होता. बाजाराने धंदा हिरावला आणि जातीने त्याच धंद्याचे नवे दार बंद केले, असा हा दुहेरी आघात होता.

सरकारच्या जकात धोरणातही गरिबाचा विचार नव्हता. १८८२ साली विलायती कापडावरील आयात जकात उठविण्यात आली. पुढे महसुलाच्या गरजेने ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा मँचेस्टरच्या समाधानासाठी १८९६ साली आयातीवर साडेतीन टक्के आणि देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर लादण्यात आला. हातमाग यातून वगळला होता, हे खरे. पण गिरणीच्या ज्या जाड्या कापडाशी लँकेशायरची स्पर्धाच नव्हती, तेही करातून सुटले नाही. तो भार अखेर गरिबाच्या अंगावरील वस्त्रावर पडला. त्याच काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, मध्य प्रांतावर दोन भीषण दुष्काळ कोसळले. १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. दुष्काळात धान्य आगगाडीने येऊ शकत होते. ते विकत घेण्याची शक्ती मात्र मजुराजवळ उरली नव्हती.

नाण्याचा प्रश्न याहून गहन होता. १८७३ नंतर जगात चांदीचा भाव उतरू लागला आणि सुमारे दोन शिलिंगांचा रुपया १८९४-९५ पर्यंत एक शिलिंग एक पेन्सच्या आसपास घसरला. घसरत्या रुपयामुळे निर्यात वाढते, म्हणून तो देशाच्या हिताचा आहे, असे अनेक व्यापारी व पुढारी म्हणत. बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात या युक्तिवादाच्या मुळावरच घाव घातला. वस्तूंचे भाव वाढतात, परंतु मजुरी तितक्या वेगाने वाढत नाही. म्हणून निर्यातदाराचा नफा परदेशातून येत नसून येथील मजुराच्या ताटातून येतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. १९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही चलनाकडे पाहण्याची त्यांची ही दृष्टी कायम होती. ‘देशाचा फायदा’ हा शब्द ऐकताच ‘देशातील कोणाचा?’ असे विचारण्याची शिस्त त्यांनी अर्थशास्त्रात आणली.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने या प्रश्नाची निकड सिद्ध केली. शेतमालाचे भाव कोसळले. सारा, खंड आणि कर्जाचे हप्ते मात्र पूर्वीच्याच रुपयांत द्यावे लागले. इंग्लंडमधील बेकाराला अपुरा का होईना, बेकारभत्ता होता; येथील बेकाराला सावकाराचे दार होते. १९३१ नंतर घराघरांतील सोने मोडून परदेशी गेले. ज्यांच्या घरी मोडायलाही सोने नव्हते, त्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात झाली नाही. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी भारतीय जनतेच्या दारिद्र्याचा जो ऊहापोह केला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

धोरणाची कसोटी

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. टीकाकाराला राज्यकर्त्याचा अधिकार मिळाला. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. १९४८ च्या कामगार विमा कायद्याची पूर्वतयारीही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. लँकेशायरच्या कामगाराला १८६३ साली जो आधार लाभला, त्याहून अधिक भक्कम असा हक्क भारतीय कामगाराला मिळावा, ही त्यामागील दिशा होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा संबंध औद्योगिकीकरणाशी आणि औद्योगिकीकरणाचा संबंध जनतेच्या दारिद्र्यमुक्तीशी जोडला. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात तर मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी त्यांनी केली.

आज मौद्याला २३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे; त्याचा पहिला संच २०१२ साली सुरू झाला. दुसरीकडे नागपूरची एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. १९९१ साली रुपयाचे अवमूल्यन झाले, १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली आणि विदर्भाच्या कापसाचा भाव अमेरिकन सरकारच्या अनुदानांशी बांधला गेला. देखावा बदलला; प्रश्न बदललेला नाही. वीज कोणत्या घरातील अंधार हटविते? नव्या उद्योगात कायमची नोकरी कोणाला आणि कंत्राटी मजुरी कोणाला? जमिनीचा मोबदला मालकाला मिळतो; त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीनाला काय मिळते?

हा प्रश्न बौद्ध परंपरेला नवा नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात, राज्यात चोऱ्या माजल्या असता राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो की, शिक्षेने हा उपद्रव शमणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला योग्य वेतन द्यावे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, त्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा अशी कारणपरंपराच दाखविली आहे. दारिद्र्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नसून राज्याच्या धोरणाचे फळ असू शकते, हा त्याचा इत्यर्थ होय. ‘हे असे असल्यामुळे ते तसे होते’ हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार अर्थव्यवहारालाही लागू पडतो.

महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाच्या सहाव्या खंडात त्यांचे अर्थशास्त्रीय ग्रंथ उपलब्ध आहेत. विहारांतील अभ्यासवर्गांनी ते वाचावयास घ्यावेत. त्याचबरोबर मौदा, कुही, उमरेड, रामटेक या भागांतील वृद्धांकडून माग, धोटा आणि फणी यांच्या पिढीजात आठवणी उतरवून घ्याव्यात. आपले पूर्वज केवळ गावकीची सेवा करणारे नव्हते. ते उत्पादक होते, कारागीर होते. त्यांचा माग आळसाने थांबला नाही. तो धोरणाने थांबला, आणि धोरण माणसे ठरवितात. म्हणून ते ठरविले जाते तेथे आपला आवाज असलाच पाहिजे.