विशीतच केस विरळ? तेलावर पैसे घालण्याआधी हे वाचा

लग्नाचं बघायला सुरुवात होते आणि नेमकं तेव्हाच कपाळ मागे सरकलेलं दिसतं. मग कांद्याचा रस, नाहीतर बाजारातलं महागडं तेल. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नॉर्मल आहे. पण कपाळाचे कोपरे आत जात असतील, टाळूवरचे केस बारीक होत असतील, तर ते बहुतेक आनुवंशिक टक्कल असतं. ते आईकडूनही येतं. डीएचटी या हार्मोनमुळे केसांची मुळं आकसत जातात. तेल तिथे काही करत नाही, टक्कल करूनही केस दाट येत नाहीत.

मिनॉक्सिडिल 5 टक्के हे औषध रोज कोरड्या टाळूला लावतात. सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळू शकतात, आणि इथेच बरेच जण घाबरून बाटली फेकतात. फरक कळायला 4 ते 6 महिने लागतात. औषध सोडलं की गळती पुन्हा सुरू. फिनास्टराइडची गोळी मात्र मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नये, डॉक्टरांनीच द्यावी. काहींना लैंगिक तक्रारी होतात.

टाळू गुळगुळीत झाल्यावर औषधाचा फारसा उपयोग नाही, त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाला आधीच दाखवावं. नाण्याएवढा गोल चट्टा पडला असेल तर ती चाई, तिचा उपचार वेगळा.