बालसंधिज्वरातील ॲस्पिरीन चिकित्सा

स्ट्रेप्टोकॉकस सूक्ष्मजंतूंमुळे घसा आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना, विशेषतः ५ ते १५ वर्षे वयाच्या, संधिज्वर होतो. त्यात सांधे सुजतात व हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. ॲस्पिरिनाने सांधेदुखी इतक्या लवकर शमते, की हृदयाचेही त्याने रक्षण होत असावे, असा समज दीर्घकाळ टिकून होता. या समजाची किंमत मुलांना मोजावी लागली.

विलो वृक्षाच्या सालीचा ज्वरशामक गुण एडवर्ड स्टोन यांनी १७६३ मध्ये नोंदविला. (सह्याद्रीतील ओढ्यांकाठचा वाळुंज याच प्रजातीचा.) डंडी येथील टॉमस मॅक्लॅगन यांनी १८७६ मध्ये या सालीतील सॅलिसीन संधिज्वरावर वापरल्याचे प्रसिद्ध केले. ॲस्पिरीन १८९९ मध्ये प्रचारात आले. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेतील ॲल्व्हिन कोबर्न यांनी १०० मिलि. रक्तद्रवात सु. ३५ मिग्रॅ. सॅलिसिलेट राहील इतक्या मोठ्या मात्रा सुचविल्या. हे प्रमाण विषारी पातळीला अगदी लागून आहे. शिवाय मात्रा वाढली, की यकृताची औषध निकामी करण्याची क्षमता अपुरी पडते व थोड्याशा वाढीनेही रक्तातील प्रमाण झपाट्याने चढते.

कानांत गुणगुण, ऐकू कमी येणे, मळमळ, वांती व जठरातील रक्तस्राव ही विषबाधेची नेहमीची लक्षणे होत. लहान मूल कानांतील गुणगुण सांगू शकत नाही. श्वसनकेंद्र उत्तेजित होऊन श्वास जलद व खोल होतो, पुढे रक्तातील अम्लता वाढते. संधिज्वरातील हृदयनिष्फलतेतही धाप लागत असल्यामुळे औषधाचा दोष रोगाच्या माथी मारला जाण्याचा धोका असतो. पोटाला त्रास नको म्हणून पूर्वी सोडियम सॅलिसिलेटाबरोबर खाण्याचा सोडा देत. त्यातील सोडियमाने दुर्बल हृदयावरील भार वाढे.

ब्रिटन व अमेरिका यांनी मिळून ४९७ मुलांवर केलेल्या चाचणीचा वृत्तांत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉर्टिसोन, एसीटीएच व ॲस्पिरीन यांपैकी काहीही दिले, तरी वर्षानंतर हृदयाच्या स्थितीत फरक आढळला नाही.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. उष्ण प्रदेशात संधिज्वर विरळाच, असे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक ब्रिटिश वैद्य मानीत. प्रत्यक्षात येथे विशीच्या आतच द्विदल झडप गंभीर प्रमाणात आकुंचित झालेले रुग्ण आढळतात, हे सुजय रॉय व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी सिडनीतील डग्लस राय यांनी मेंदू व यकृत यांच्या एका घातक विकाराचे वर्णन केले. फ्ल्यू वा कांजिण्यांत ॲस्पिरीन घेणाऱ्या मुलांशी त्याचा संबंध पुढे दिसून आला आणि १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये १२ वर्षांखालील मुलांना ते सर्वसाधारण वापरासाठी देणे थांबविण्यात आले. संधिवाती विकारांत मात्र वैद्यकीय देखरेखीखाली ते देता येई. सांधेदुखीवर नॅप्रोक्सेन तितकेच गुणकारी व कमी त्रासदायक असल्याचे २००३ मधील एका लहान चाचणीत आढळले.

मावळातील वडिवळ्यासारख्या गावी रक्तातील सॅलिसिलेट वेळोवेळी मोजणे दुरापास्तच. तेथे औषध जेवणानंतर देणे, श्वासाच्या गतीवर घरच्यांनी लक्ष ठेवणे आणि कांजिण्या आल्यास लगेच डॉक्टरांना कळविणे हेच हाती राहते. झडपांचे रक्षण दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावयाच्या पेनिसिलिनाच्या अंतःक्षेपणाने होते.