इंदूरचे खत आणि कर्बाचा हिशेब

काही वर्षांपूर्वी खतांच्या अनुदानावर एक टिपण लिहिताना मी तीन रकाने आखले होते : नत्र, स्फुरद आणि पालाश. सेंद्रिय कर्बासाठी चौथा रकाना असावा, हे मला सुचलेही नाही. ज्या वस्तूची गोणी नाही, तिला दर नाही. आणि दर नसलेली वस्तू अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्याही नजरेतून सुटते. ही चूक पुढे इंदूरचा इतिहास वाचताना माझ्या लक्षात आली.

बिहारमधील पुसा येथे १९०५ पासून संशोधन करणारे अल्बर्ट हॉवर्ड १९२४ साली इंदूरला आले. होळकर संस्थानच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या संस्थेत त्यांच्यापुढे प्रश्न होता तो काळ्या मातीतील कापसाचा. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या जळणात जात, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात. पिकाने हवेतून घेतलेला कर्ब अशा रीतीने धूर होऊन हवेतच परतत असे, आणि जमीन रिती राही.

हॉवर्ड यांचा उपाय साधा होता. पऱ्हाट्या रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडायच्या, मग गोठ्यात अंथरायच्या. पुढे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्यासह त्यांचे थर खड्ड्यात रचायचे. पाणी देऊन तीनदा उलथापालथ केली की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ साली ही ‘इंदूर पद्धत’ ग्रंथरूपाने मांडली. खड्ड्यातही बराच कर्ब वायुरूपाने निघून जातो, हे खरे. परंतु उरलेला ह्यूमस होऊन मातीत मिसळतो, आणि त्यातील काही अंश दीर्घकाळ टिकतो.

स्वातंत्र्यानंतर धान्यटंचाईने आपल्याला रासायनिक खतांकडे नेले. त्या निर्णयाला मी दोष देणार नाही. १९७७ पासून उत्पादनखर्च आणि ठरलेला विक्रीदर यांतील फरक सरकार कारखान्यांना देऊ लागले. २०१० साली अनुदान पोषकद्रव्यांशी जोडले गेले, पण युरिया त्यातून वगळला. तो स्वस्तच राहिला.

२०१५ च्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाला अखेर रकाना मिळाला. शहरी कंपोस्टसाठी २०१६ साली आणि गोबरधन प्रकल्पांच्या खतासाठी २०२३ साली टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. परंतु हे साहाय्य विकल्या जाणाऱ्या खतावर ठेवण्यात आले. स्वतःच्या बांधावर खड्डा भरून ते खत स्वतःच्याच शेतात घालणाऱ्या शेतकऱ्याला यातून काही मिळाले नाही, कारण त्याच्याकडे विक्रीची पावती नसते.

मातीतला कर्ब दुर्लक्ष झाले की पुन्हा हवेत जातो. तो कोळसा जाळण्याची भरपाई ठरू शकत नाही. म्हणूनच मोबदला एकदाच न देता, त्याच शेताची माती ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासून द्यावा, असे मला वाटते. पत्रिकेत रकाना आहे. त्याच्यासमोर रक्कम लिहिण्याचे काम आम्हा प्रशासकांचे आहे.