मोठ्या गोळीमागची छोटी गोळी

टीबीचं औषध सुरू झालं की काही रुग्णांच्या हातात मोठ्या गोळ्यांबरोबर आणखी एक छोटी गोळी पडते. ‘ही ताकदीची,’ असं सांगितलं जातं आणि ताकदीची म्हणून ती हमखास मागे राहते. या गोळीचं नाव पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व. तिला औषधांच्या यादीत जागा मिळाली, त्यात मद्रासच्या गरीब वस्त्यांचा मोठा वाटा आहे.

गोष्ट सुरू होते आयसोनियाझिडपासून. हे रसायन १९१२ मध्येच प्रागमध्ये तयार झालं होतं, पण क्षयाचे जंतू ते मारतं, हे कळायला चाळीस वर्षं गेली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले रुग्ण या औषधानं उठून बसले, त्यांना भूक लागली, वजन वाढलं. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो वर्तमानपत्रांतून झळकले. रसायन जुनं असल्यानं त्यावर कुणाला मक्तेदारी सांगता आली नाही, म्हणून ते स्वस्तही राहिलं. गरीब देशांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

पण लवकरच तक्रारी येऊ लागल्या. आधी पायाच्या बोटांना मुंग्या. मग तळव्यांची आग, इतकी की रात्री पांघरुणाचा स्पर्शही नकोसा व्हावा. मग बधिरपणा, आणि काहींना नीट चालताही येईना.

१९५४ मध्ये अमेरिकेतले बील आणि व्हिल्टर यांनी अशा रुग्णांची लघवी तपासली. औषध घेणाऱ्यांच्या शरीरातून ब-६ नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडत होतं. आयसोनियाझिड या जीवनसत्त्वाला चिकटतं, दोघांचं मिळून एक संयुग होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. जंतूंशी लढणारं औषध मज्जातंतूंची शिदोरी पळवत होतं. ज्याच्या ताटात मुळातच कमी आहे, त्याचं नुकसान आधी.

इथे मद्रास येतं. १९५६ मध्ये तिथे क्षयरोग उपचार संशोधन केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो एकत्र उपक्रम. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखालच्या या केंद्रानं १९५९ मध्ये दाखवून दिलं, की दाटीवाटीच्या घरात राहून, साधं जेवण जेवूनही टीबी सॅनेटोरियमइतकाच चांगला बरा होतो. जगभरच्या सॅनेटोरियमच्या भिंतींना पहिला मोठा तडा या निष्कर्षानं पाडला.

त्याच केंद्रात आयसोनियाझिडच्या वाढीव मात्रेचे प्रयोग सुरू झाले, आणि पायांची आगही आली. भारतात हे औषध शरीरात सावकाश निकामी होणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यामुळे ते रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. केंद्रानं पायरिडॉक्सिनचा पद्धतशीर अभ्यास केला. १९६० च्या दशकात उत्तर मिळालं: रोज अवघे ६ मिलिग्रॅम दिले, तरी त्रास टळतो. एकदा त्रास सुरू झाला, की मात्र उपचाराला याच्या कितीतरी पट मात्रा लागते.

इतकी किरकोळ मात्रा आणि इतका मोठा फरक. उपचारांच्या इतिहासात याहून स्वस्त सौदा सापडणं कठीण आहे.

तरी ‘जीवनसत्त्वच ते, जास्त घेतलं तर बिघडलं कुठे?’ हा विचारही धोक्याचा. १९८३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी सात रुग्णांची नोंद केली. ते रोज काही ग्रॅम, म्हणजे हजारो मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन घेत होते, आणि त्यांचे मज्जातंतू त्या जीवनसत्त्वानंच दुखावले होते.

आज गरोदर आणि स्तनदा माता, मधुमेही, कुपोषित, दारूचं व्यसन असलेले, मूत्रपिंड निकामी झालेले आणि एचआयव्हीबाधित रुग्ण यांना टीबीच्या औषधांबरोबर ही गोळी आवर्जून दिली जाते. घरात कुणाचा टीबीचा उपचार चालू असेल आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या असतील, तर औषध स्वतःहून थांबवू नका, छोटी गोळीही स्वतःच्या मनानं वाढवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा.